एकच गोळी, दोन भाऊ

अब्बांची अँजिओप्लास्टी झाली त्याला येत्या शाबानमध्ये चार वर्षं होतील. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी गोळ्यांचा एक डबा असतो. त्यात बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि सगळ्यांत लहान ती ॲस्पिरिनची, ७५ मिलिग्रॅमची. घरात तिला सगळे रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. इतकी स्वस्त, की तिला औषध म्हणून मान असा कधी मिळालाच नाही.

अब्बांचे धाकटे भाऊ, आमचे चाचा, शेजारच्याच खोल्यांत राहतात. त्यांना हृदयाचा काही त्रास नाही. त्रास गुडघ्यांचा. सज्द्यातून उठताना कळ यायची म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून ते अधूनमधून घ्यायचे, पुढे पुढे रोजच घेऊ लागले. आणि अब्बांचं बघून एक दिवस त्यांनी ॲस्पिरिनही सुरू केली. कुणाला विचारलं नाही. नंतर म्हणाले, “भाईजानला एवढ्या मोठ्या डॉक्टरने दिली, म्हणजे चांगलीच असणार. खानदान एकच, रक्त एकच.”

गेल्या रमजानमध्ये तरावीहला उभे असताना चाचांना चक्कर आली. रोज्याचा अशक्तपणा असेल म्हणून सगळ्यांनी सरबत पाजलं. चाची मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आठ दिवसांपासून शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. खजूर जास्त खाल्ल्याने असेल असं चाचांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. रात्रीच दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं होतं. दुर्बीण घातली तर पोटात व्रण, आणि त्यातून रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, “ॲस्पिरिन कुणी दिली?” आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो.

त्या डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावलं. ही गोळी रक्तात पाणी घालून ते पातळ करते असं काही नाही. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट तिथे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि गुठळी होऊन रक्त थांबतं. ॲस्पिरिन त्यांचा हा चिकटपणा कमी करते. ज्या प्लेटलेटवर तिचा परिणाम झाला, ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. अब्बांच्या धमनीत जाळी आहे. तिथे प्लेटलेट जमून गुठळी झाली तर झटका येणार, म्हणून त्यांना ती हवीच. पण हीच गोळी पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही कमी करते. त्यात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी पडली की पोटाचं नुकसान आणखी वाढतं. ज्याला गुठळीचा मोठा धोका आहे त्याने रक्तस्रावाचा थोडा धोका पत्करायचा, ज्याला तो नाही त्याने कशाला पत्करायचा? अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेही २०२२ मध्ये सांगितलं, की साठी ओलांडलेल्या, हृदयविकार नसलेल्या माणसांनी पहिला झटका टाळण्यासाठी ही गोळी नव्याने सुरू करू नये. चाचा ६४ वर्षांचे.

एवढ्यावर भागलं असतं, पण खरी धडकी आम्हाला पुढेच भरली. चाचा घरी आल्यावर पाचव्या दिवशी डबा पुसायला काढला, तर अब्बांची ॲस्पिरिनची पट्टी होती तेवढीच. भावाची अवस्था बघून त्यांनी गुपचूप गोळी सोडली होती! “जहर आहे ते,” म्हणाले. आम्ही तिथूनच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चिडलेच. आज जेवणानंतर लगेच घ्यायची, राहिलेल्यांची भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत, आणि आम्हाला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायची नाही, दात काढायचा असला तरी. पोट जपण्यासाठी त्यांनी आम्लाची एक गोळी वाढवून दिली. ते पाच दिवस काही न होता गेले, अल्लाहचा शुक्र आहे, पण त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही.

आता घरात काही गोष्टी बदलल्या आहेत. रमजानच्या आधी अब्बांच्या सगळ्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून आणायच्या. ॲस्पिरिन इफ्तारनंतर, पोटात अन्न गेल्यावर. गोळीवर आवरण असतं, म्हणून ती फोडायची नाही, आख्खी गिळायची. पट्टीतून काढून डबीत साठवायची नाही. दमट हवा लागली की तिला सिरक्यासारखा वास येतो, तशी झाली तर फेकून द्यायची. बकरी ईदला मटण कापताना अब्बांचं बोट कापलं आणि रक्त बराच वेळ थांबेना, तेव्हा घाबरलो नाही, स्वच्छ कापड दाबून धरलं. हिजामा करून घ्यायची त्यांना फार हौस. तिथे मात्र आमचं ऐकावं लागलं. आधी डॉक्टरांना विचारायचं आणि हिजामा करणाऱ्यालाही गोळीचं सांगायचं. कुरकुरले, पण ऐकलं.

पावसाळ्यात नातवाला ताप भरला तेव्हा चाचीच सवयीने त्या डब्याकडे वळल्या होत्या. ताप डेंग्यूचा असला तर ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो, आणि लहान मुलांना तर तापात ती देतच नाहीत. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये दिली तर क्वचित मेंदू आणि यकृतावर जाते. आम्ही त्यांचा हात धरला आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितलं.

त्याच दिवशी डबा मिठाच्या शेजारून उचलून कपाटात वर ठेवला. त्यावर अब्बांचं नाव मराठीत आणि उर्दूत लिहिलं. चाचा बघत उभे होते. म्हणाले, “माझं नाव पण लिहा खाली, आणि त्याच्यावर फुली मारा.”