गिरणीतली कादंबरी

सीमाभागातल्या निपाणीची कादंबरी पिठाच्या गिरणीतून आली. महादेव मोरे यांनी गॅरेजात काम केलं, टॅक्सी चालवली आणि पुढं आयुष्यभर लोकांची दळपं दळली. 2024 मध्ये ते गेले. तंबाखूच्या वखारीत खाट सोसत राबणाऱ्या बायका, ड्रायव्हर, मेस्त्री यांच्यातच राहून त्यांच्यावर लिहिणारा माणूस गेला. मराठीनं त्यांची दखल फार उशिरा आणि फार थोडी घेतली, ही सल जायची नाही.

कथा दोन-चार रात्रींत हातावेगळी होते. कादंबरीला वर्षं लागतात. पट्ट्याची घरघर, उडणारं पीठ, डबा घेऊन खोळंबलेलं गिऱ्हाईक; अशा जागी तिचा धागा रोज तुटतो. तो पुन्हा हाती यायला "पुढं काय झालं?" असं विचारणारं कुणीतरी लागतं, आणि ते स्वतः लिहिणारं असेल तर बरं. त्याला अडलेलं प्रकरण न सांगता कळतं.

सीमाभागात लिहिणाऱ्यांची गाठ पडते ती संमेलनात. निपाणीकडं कारदगा, बेळगावकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शेतकरी बायाबापड्यांनी मांडव भरतो. गावानं वर्गणी काढून भाषेसाठी एवढं करावं, हे दुसरीकडं क्वचितच दिसतं. पण मांडवात रंगतं कथाकथन. अर्धवट कादंबरी घेऊन आलेल्याला तिथं जागा नसते.

बेळगावात 1946 साली साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर स्वतः कादंबरीकार. तरी ते संमेलन लक्षात राहिलं संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळं. ठराव हवाच होता. पण तेव्हापासून इथला लेखक आधी सीमावासी आणि मग लेखक, असं होऊन बसलं.

घरात लिहिणारी माणसं असली म्हणजे भागतं, असंही नाही. बेळगावात वाढलेल्या प्रकाश नारायण संतांचे आईवडील इंदिरा संत आणि ना. मा. संत, दोघंही कवी. तरी लंपन या मुलाच्या त्यांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या कथांनंतर वर्षानुवर्षं खंड पडला. 'वनवास' आलं 1994 मध्ये. मग 'शारदा संगीत', 'पंखा', आणि 2003 मध्ये ते गेल्यावर 'झुंबर'. सलग वाचली तर चारही पुस्तकं मिळून एक कादंबरीच होते.

कडोलीच्या किंवा कारदग्याच्या मांडवात कथाकथनाच्या जोडीला अपुऱ्या कादंबरीतल्या एका प्रकरणाला अर्धा तास द्यावा. समोर बाकीचे लिहिणारे बसवावेत, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुढचं प्रकरण घेऊन यायचं आमंत्रण तिथंच द्यावं.