मिनिकॉय : लांब आहे, पण जाच!

गोवा करून कंटाळलात? मालदीवचं पॅकेज बजेटमध्ये बसत नाहीये? मग नकाशात कोचीच्या नैर्ऋत्येला बघा. कोचीपासून साधारण 400 किलोमीटरवर मिनिकॉय आहे, लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीपेक्षा इथून मालदीवचं टोक जवळ! लोकांची भाषा महल, लिपी उजवीकडून डावीकडे. परमिट लागतं, शिवाय जहाजाचं तिकीट हमखास मिळेलच असं नाही. बॉसकडे रजा मागताना दोन दिवस जास्तीचे मागून ठेवा.

आम्ही बंक क्लासने गेलो. पहिले दोन तास डेकवर फोटोसेशन, नंतरची रात्र उलटीच्या गोळ्यांच्या नावाने. सकाळी मात्र सगळं माफ. गडद निळं पाणी एका रेषेवर अचानक पोपटी होतं. ती रेषा म्हणजे रीफ, आतलं लगून. दीपगृहावर चढलात की (1885 चं आहे, पायऱ्या मोजू नका) सगळा प्रकार ध्यानात येतो. लगून अफाट, आणि जमीन म्हणजे कडेला ओढलेली नारळांची एक बारीक पट्टी. ही जमीन प्रवाळांनीच घडवलेली, पायाखालची पांढरी वाळूसुद्धा त्यांचाच चुरा.

पण माझी ट्रिप वसूल झाली ती ट्यूना बोटीवर. तिथले चाचा तरुणपणी मर्चंट जहाजांवर होते, त्यामुळे त्यांचं हिंदी पक्कं मुंबईचं. पहाटे लगूनमध्ये बोटभर लांबीचे मासे जाळ्यात धरले आणि बोटीतल्या पाण्याच्या कप्प्यात जिवंत ठेवले. बाहेर खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की हे मासे फेकायचे, वर पाण्याचे फवारे मारायचे, आणि गळ टाकायचे. मोठं जाळं नाहीच, एका गळाला एक मासा. थाडथाड ट्यूना डोक्यावरून उडत बोटीत! मी एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलेलो.

परतताना चाचांनी कप्प्यात उरलेले मासे दाखवले. ‘‘ये छोटेवाले पोवळ्यात राहतात ना, बेटा. पोवळा मेला तो ये गया. ये गया तो ट्यूना किससे पकडेगा?’’

दुपारी स्नॉर्केल लावून उतरलो तेव्हा अर्थ लागला. काही ठिकाणी निळे-पिवळे मासे, काही ठिकाणी नुसता राखाडी सांगाडा. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तेच शेवाळ त्यांना जेवू घालत असतं. तापमान लवकर उतरलं तर ठीक, नाहीतर उपासमार. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे घडलं. दोन झटक्यांमधली फुरसत पुरत नाही. त्यामुळे मित्रहो, फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नका. आमच्यातल्या एकाने पाय ठेवला, तेव्हा चाचा जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

जायचं तर ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत; पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. दारू मिळणार नाही. नेटवर्कचा भरवसा धरू नका. आणि येताना मासमिन, म्हणजे उकडून, धुरी देऊन वाळवलेला ट्यूना, जरूर आणा. माझं पुडकं अजून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. शेजारच्या क्युबिकलमधून दोन तक्रारी आल्यात, आणि एक ऑर्डर.