१०१ चाली

अहो, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? बुद्धिबळ म्हणजे दोन माणसं तासन् तास गप्प बसतात आणि शेजारचा चहा गार होतो, एवढीच माझी समजूत!

२०२५च्या जुलैतला राजूरचा पाऊस. आवणीहून येऊन पाय धुतोय तोच भाचा मोबाईल नाचवत आला, "मामा, नागपूरच्या दिव्या देशमुखनं चीनच्या तान झोंगयीला हरवलं!"

कोण ही तान? तर २०१७ची महिला विश्वविजेती. २०२२मध्ये जलद बुद्धिबळाचंही जगज्जेतेपद तिच्याकडेच. आणि आपली पोर १९ वर्षांची! जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. पहिला डाव बरोबरीत, दुसरा १०१ चालींचा.

एकशे एक! म्हटलं, मांड पट. एक प्यादं हरवलेलं, त्याच्या जागी चिंचोका ठेवला. भाचा मोबाईलवर बघून चाल सांगायचा, मी हलवायचो. मोहरी कमी होत गेली तसं मला वाटलं, संपलं आता. "मामा, खरा खेळ आत्ता सुरू होतो," भाचा म्हणाला. आणि खरंच की! इतका वेळ प्याद्यांआड दडलेला राजा स्वतः बाहेर पडला, एकेक घर चालत कामाला लागला. पाऊस साधला की मालकही धोतर खोचून चिखलात उतरतो, अगदी तसा! माझी भाकर ताटात तशीच.

मग काय, वेडच लागलं. याच स्पर्धेत दिव्यानं त्याआधी चीनच्याच झू जिनरला घरी पाठवलं होतं, नंतर आपल्याच देशाच्या हरिकाला. अंतिम फेरीत समोर आपलीच कोनेरू हंपी. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२मध्ये, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! दोन्ही डाव बरोबरीत. बरोबरी फोडायला २८ जुलैला टायब्रेक. जलद डावांतला पहिला बरोबरीत, दुसरा दिव्यानं काळी मोहरी घेऊन जिंकला. मी ओरडलो तर शेजारी छत्री घेऊन धावत आले!

आणि गंमत ऐका. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांमध्ये ठरावीक दर्जाची कामगिरी तीनदा, लागतात. हिच्याकडे एकही नव्हता. विश्वचषक जिंकला आणि किताब थेट पदरात. भारताची ८८वी ग्रँडमास्टर!

त्याच रात्री भाच्याशी आयुष्यातला पहिला डाव खेळलो. १४व्या चालीला मात. म्हणजे अजून ८७ शिकायच्या राहिल्या. चिंचोका जपून ठेवलाय.