विषम संख्येची फुले

रीगाच्या मध्यवस्तीत, वेर्माने बागेच्या कडेला तेर्बातास रस्त्यावर फुलांची दुकाने रात्रंदिवस उघडी असतात. लाटव्हियाला निघालेले कुणी ‘काय काय बघू’ म्हणून विचारायला आले, की मी आधी या दुकानांचा पत्ता देते. जुने शहर काय, ते पायाखाली येतेच. युनेस्कोने १९९७ साली जागतिक वारशात घेतलेल्या त्या गल्ल्या, ते मनोरे, ती दौगावा नदी चुकवू म्हटले तरी चुकत नाही. पण तिथल्या माणसांच्या घरात पाऊल टाकायचे असेल, तर फुले घेता आली पाहिजेत.

घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. फुले विषम संख्येत घ्यायची. एक, तीन, पाच, सात. सम संख्येची फुले गेलेल्या माणसासाठी असतात. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका परदेशी तरुणाने सहा ट्यूलिप मागितले. दुकानातल्या बाईंनी मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर सुतकाचे काही दिसेना, तेव्हा त्यांनी बादलीतून आणखी एक ट्यूलिप उचलला, त्याच्या देठाचे टोक तिरके कापले, तो बाकीच्या सहांत बसवला आणि पैसे सहांचेच घेतले. सगळे एक शब्दही न बोलता. तरुणाला बहुधा काही कळले नाही. मला मात्र त्या बाईंचा फार आदर वाटला.

हे न बोलणे अंगवळणी पाडून घ्यावे लागते. ट्राममध्ये शेजारचा माणूस हसणार नाही, दुकानदार ‘कुठून आलात’ विचारणार नाही. आपल्याकडच्या माणसाला पहिले दोन दिवस वाटते की यांना आपण नकोसे आहोत. तसे मुळीच नसते. ओळख नसताना दुसऱ्याच्या वाटेला न जाणे ही तिथली मर्यादा आहे. ‘लाब्दिएन’ म्हणून नमस्कार करावा, ‘पाल्दिएस’ म्हणून आभार मानावेत आणि समोरच्याला त्याचा वेळ द्यावा. रीगात रशियन बोलणारेही पुष्कळ भेटतात, तरी पहिला शब्द लाटव्हियन असला तर समोरच्याचा चेहरा खुलतो. कुणाच्या घरी गेलात, तर उंबऱ्यावरून हात पुढे करू नका, ते अशुभ मानतात. आत जा, बूट काढा, मग हात मिळवा. बूट काढण्याचे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि या देशाला सहज बोलण्याच्या ओघात ‘पूर्वीचा रशिया’ म्हणू नका. १९१८ साली स्वतंत्र झालेला हा देश १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी गिळला, मग नाझींनी, मग पुन्हा सोव्हिएतांनी. १४ जून १९४१ रोजी आणि पुन्हा मार्च १९४९ मध्ये माणसे घराघरांतून उचलून सैबेरियाकडे पाठवली गेली. त्या दुसऱ्या खेपेतच चाळीस हजारांहून अधिक. रीगात मधोमध स्वातंत्र्यस्मारक उभे आहे. लोकांच्या वर्गणीतून बांधलेले, १९३५ साली उघडलेले. वर तीन सोनेरी तारे हातात घेतलेली स्त्री. सोव्हिएत काळात या स्मारकाच्या पायाशी फूल ठेवले तर पोलीस उचलून नेत. १४ जून १९८७ रोजी ‘हेलसिंकी-८६’ या छोट्या गटातली माणसे हद्दपार झालेल्यांच्या स्मरणार्थ फुले घेऊन तिथवर चालत गेली, आणि मागून बघता बघता गर्दी जमली. दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ला, ताल्लिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत लोकांनी हातात हात धरून साखळी केली. १९९१ला देश पुन्हा मोकळा झाला. आज त्या पायाशी बारा महिने ताजी फुले असतात. तिथे पायऱ्यांवर बसून खाऊ नका, चढून फोटो काढू नका. जमले तर एक फूल ठेवा.

भूक लागली की रेल्वे स्टेशनामागच्या मध्यवर्ती बाजारात जावे. पहिल्या महायुद्धातल्या झेपेलिन वायुनौकांच्या हँगरचे लोखंडी सांगाडे आणून १९३० साली हा बाजार उभा राहिला, म्हणून ती पाच प्रचंड कमानीदार छपरे. शाकाहारी माणसाने ‘बेझ गाल्यास’, म्हणजे बिनमांसाचे, एवढे घोकून जावे, कारण तिथे वाटाण्यातही डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. पण काळा राय पाव, ताजे चीज, बटाट्याची धिरडी आणि उन्हाळ्यात बीट, काकडी, शेपू घातलेले गार गुलाबी ताक-सूप मिळाले तर दुसरे काही लागत नाही. सूपवर उकडलेले अंडे असते, नको असल्यास आधीच सांगावे. बाकी सोय सोपी आहे. चलन युरो, व्हिसा शेंगेनचा, नळाचे पाणी पिण्याजोगे, समुद्रकाठच्या यूरमालाला लोकलने अर्धा तास.

एक दुपार मात्र राष्ट्रीय ग्रंथालयासाठी राखून ठेवा. तिथे एक लाकडी कपाट आहे. क्रिश्यानिस बारोन्स या गृहस्थांनी १८८० साली मॉस्कोत स्वतः आखून ते करवून घेतले. लहान लहान खण, खणांत कप्पे, कप्प्यांत बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक दाइना, म्हणजे बहुधा चार ओळींचे लोकगीत. गावोगावच्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी लिहून पाठवलेली ही गीते बारोन्स निवडत, लावत बसले. १८९४ ते १९१५ या काळात त्यांचे खंड निघाले. दोन लाखांहून अधिक गीते. जन्म, लग्न, मरण, सूर्य, घोडा, सासू, दळण, सगळे त्यांत आहे. दळताना बायका गात ती गीते वेगळी लावलेली आहेत. ते वाचून मी कपाटासमोरून हलू शकले नाही. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आपल्याकडे गावोगाव फिरून अशाच लाखभर गोळा केल्या. आपल्या ओवीचे आणि त्यांच्या दाइनेचे कूळ एक नाही, पण कुणी विचारत नसताना पहाटे स्वतःशी गाणाऱ्या बाईचा आवाज दोन्हींत आहे. तिथले खण आपल्याला उघडता येत नाहीत. काचेतून दिसणारे तिरके, फिकट शाईचे अक्षर मात्र निवांत पाहता येते.

रस्त्यावर गप्प असलेली हीच माणसे दर पाच वर्षांनी मेझापार्क्सच्या खुल्या रंगमंचावर दहा हजारांहून अधिक संख्येने एका वेळी गातात. पहिला गीतमहोत्सव १८७३चा. तो गाठता आला तर उत्तमच. नाही तर दर वर्षी येणारा २३ जूनचा लीगो आणि २४चा यानि कुणालाही गाठता येतो. फक्त शहरात राहू नका. त्या दिवशी रीगा रिकामी होते, दुकाने बंद, बसगाड्या भरलेल्या. तिकीट आधी काढा आणि खेड्यात कुणाकडे तरी जा. बायकांच्या डोक्यावर रानफुलांची कडी, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांची. मी ज्यांच्याकडे उतरले होते, त्या आजींनी मला कुरणात नेऊन कडे विणायला बसवले. नवे फूल घ्यायचे, आधीच्या जुडग्यावर आडवे ठेवायचे, देठ खालून वळवून ओढून घ्यायचा. डेझी, निळी कॉर्नफ्लॉवर, मधेच गवताची काडी. त्यांची बोटे काळीनिळी झालेली, माझी हिरवी. मग शहाजिरे घातलेले गोल चीज, घरची बिअर, आणि सूर्य मावळून पुन्हा उगवेपर्यंत शेकोटी. त्या रात्री झोपायचे नसते. झोपला तो उन्हाळाभर पेंगतो म्हणतात. १९५९नंतर काही वर्षे सोव्हिएत राजवटीने हा सण बंद पाडला होता. लोकांनी तो सोडला नाही.

कुरणात जाताना पँट लांब असू द्या आणि ती मोज्यांत खोचा. गवतातल्या गोचिडीमुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्याची लस असते, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट पाहा. हिवाळ्यात गेलात तर दिवस जेमतेम सात तासांचा, आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने अंगावर रिफ्लेक्टर लावणे कायद्याने सक्तीचे आहे.

सम संख्येच्या फुलांचीही जागा बघून या. तिथली दफनभूमी झाडीत असते आणि थडग्याभोवतीची वाळू लोक दाताळ्याने सारखी करून त्यावर रेघा ओढून ठेवतात. उन्हाळ्यात एका ठरलेल्या रविवारी सगळे गोतावळ्यासह तिथे जमतात, शरदात मेणबत्त्या लावतात. त्या रेघांवर पाय देऊ नका. रीगालगतच्या रुंबुला जंगलातही जा. १९४१च्या अखेरीस अवघ्या दोन दिवसांत तिथे सुमारे पंचवीस हजार ज्यू माणसे मारली गेली. तिथे फुलाऐवजी लहानसा दगड ठेवला तरी चालतो.

शेवटी नामदिवसांचे. लाटव्हियन कॅलेंडरात दर दिवसापुढे दोनचार नावे छापलेली असतात. ज्याचे नाव त्या दिवशी, त्याचा तो नामदिवस. वाढदिवसाला बोलावणे लागते, नामदिवसाला लागत नाही. माणसे आपणहून फुले घेऊन येतात आणि घरच्यांनी केक, कॉफी तयार ठेवायची असते. ज्यांचे नाव कॅलेंडरात कुठेच नाही, त्यांच्यासाठी २२ मे राखून ठेवला आहे. वैशाली, संजय, आसावरी, दत्तात्रय, सगळ्यांचा तो दिवस. तेव्हा मे महिन्यात तिथे असाल आणि कुणाशी थोडीशी जरी ओळख झाली असेल, तर त्या दिवशी संध्याकाळी घरीच थांबा आणि पाण्याची बरणी रिकामी करून ठेवा.