गालिच्याखालची ओल

हॅम्बुर्गला पाहुणे आले की आम्ही त्यांना श्पायशरश्टाट दाखवायला नेतो. लाल विटांची उंचच उंच गोदामं, मधून वाहणारे कालवे, हिरवट पडलेलं तांब्याचं छप्पर आणि प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर माल वर ओढायची यारी. बहुतेकांना तिथल्या मिनिआटुर वुंडरलांडमधल्या छोट्या आगगाड्या बघायच्या असतात. मी मात्र सगळ्यांना एकदा तरी त्या विटांच्या भिंतीला हात लावायला सांगते. जुलैतल्या भर दुपारीही सावलीतली ती भिंत गार लागते.

1888 साली हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्याच्या जकात क्षेत्रात सामील झालं. व्यापाऱ्यांना बिनजकातीचा माल साठवायला जागा हवी म्हणून ही गोदामनगरी उभी राहिली. त्यासाठी इथे राहणाऱ्या सुमारे 20 हजार माणसांना घरं सोडावी लागली. पाण्यातल्या मऊ जमिनीत लाकडी खांब ठोकून त्यांवर या इमारती उभारल्या. कॉफी, चहा, मसाले, तंबाखू असं सगळं इथे उतरायचं. आणि गालिचे! इराणचे, तुर्कस्तानचे, अफगाणिस्तानचे आणि आपल्या भदोही-मिर्झापूरचेसुद्धा. पूर्वेकडच्या गालिच्यांची ही जगातली एक फार मोठी पेठ होती. 2015 साली युनेस्कोनं या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पुष्कळ व्यापारी आता नव्या जागी गेले आहेत, पण काही दारांवर गालिचेवाल्यांच्या पाट्या अजून दिसतात.

मला इथे नेहमी एकच कोडं पडायचं. इमारतीच्या पायाशी पाणी, एल्बच्या भरती-ओहोटीबरोबर चढणारं-उतरणारं. वर हॅम्बुर्गचं आभाळ, ज्याला इथले लोकच वैतागून ‘श्मुडलवेटर’ म्हणतात. अशा जागी लोकरीचे गालिचे वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवायचे आणि त्यांना बुरशी लागत नाही? आणि आमच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर नाही, पण निदान पाण्यापासून लांब, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत गालिचा उलटून पाहावा, तर खालून करड्या ठिपक्यांची रांगोळी!

गालिचा आम्ही याच भागातल्या एका म्हाताऱ्या इराणी व्यापाऱ्याकडून घेतला होता. हौसेनं इराणी गालिचा घ्यायला गेलो आणि पसंत पडला तो नेमका भदोहीचा. व्यापारी मनापासून हसले. पैसे घेऊन झाल्यावर म्हणाले, “एक लक्षात ठेवा. गालिच्याला ऊब नको असते, सारखेपणा हवा असतो.” त्या वेळी ते वाक्य मला विकणाऱ्याच्या गोड बोलण्यातलं वाटलं. त्याचा अर्थ कळायला दोन हिवाळे जावे लागले.

आमचं तेव्हाचं घर शहराच्या पूर्वेला, साठच्या दशकात बांधलेल्या इमारतीत, तळमजल्यावर होतं. खाली न तापवलेलं केलर. 1943 च्या बॉम्बहल्ल्यांत हॅम्बुर्गचे मोहल्लेच्या मोहल्ले बेचिराख झाले. त्यानंतर माणसांना डोक्यावर छप्पर हवं होतं आणि ते लवकर हवं होतं. म्हणून भराभर बांधलेल्या अशा इमारती इथे सगळीकडे आहेत. भिंती पातळ, बाहेरून आच्छादन नाही. घरात उष्णता राखण्याचा पहिला कायदाच मुळी 1977 चा, तोही 1973 च्या तेलटंचाईनंतरचा. पुढे अशा कित्येक घरांना नव्या घट्ट खिडक्या बसवल्या गेल्या. जुन्या खिडक्यांच्या फटींतून आपसूक जी हवा बदलायची, ती थांबली. भिंती मात्र होत्या तेवढ्याच गार राहिल्या.

त्या घरात मुलाच्या खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्यात काळे डाग आले आणि तिथपर्यंत पसरलेल्या गालिच्याच्या पाठीवर बुरशी. मुलगा दीड वर्षाचा होता, दिवसभर त्याच गालिच्यावर रांगायचा, लोळायचा आणि त्याचा खोकला काही केल्या हटत नव्हता. आम्ही घरमालकांना कळवलं. उत्तरात दोन पानी पत्र आलं. त्याचा सारांश असा, की दोष घराचा नसून आमच्या राहणीचा आहे. आम्ही खिडक्या उघडत नाही आणि ‘आपल्या देशातल्या पद्धतीचा, सतत वाफ करणारा स्वयंपाक’ करतो.

खिडक्या आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ सताड उघडत होतो. तरी ते पत्र झोंबलं, कारण त्यात कुकरच्या शिटीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. शेवटी भाडेकरूंच्या संघटनेमार्फत एक तज्ज्ञ आले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. छोटं यंत्र भिंतीला लावून फक्त आकडे लिहून घेतले. खोलीत 20 अंश, आर्द्रता 50 टक्के, म्हणजे अगदी आदर्श. बाहेर उणे तीन. आणि त्या कोपऱ्यातली भिंत 11 अंश. त्यांनी सांगितलं, की अशा खोलीत पृष्ठभाग 12.6 अंशांच्या खाली गेला, की त्याला चिकटलेल्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढं पुरतं. पाण्याचा थेंब दिसावाच लागतो असं नाही. मग त्यांनी गालिच्याचं टोक उचललं आणि म्हणाले, “आणि हे तर भिंतीचं स्वेटर आहे, पण उलट्या बाजूनं घातलेलं.”

ते मला नीट समजून घ्यावं लागलं. गालिचा आपल्या पायांना ऊब देतो, कारण तो खोलीची उष्णता खालच्या फरशीपर्यंत जाऊ देत नाही. म्हणजे खालची फरशी, जी आधीच गार केलरवर आहे, ती आणखी गार होते. वाफ मात्र लोकरीतून हळूहळू खाली झिरपतच राहते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिऊनही हाताला कोरडी लागते. खाली हवा हलत नाही, धूळ भरपूर असते, गारवा असतो. बुरशीला याहून चांगलं माहेर कुठलं मिळणार? आणि हे ना भाडेकरारात लिहिलेलं असतं, ना गालिच्याच्या पावतीवर.

गोदामाचं कोडंही तिथेच सुटलं. श्पायशरश्टाटमध्ये हीटर नव्हते, जाड विटांमुळे आतलं तापमान अगदी हळू बदलायचं. भिंत, फरशी, गालिचा, हवा, सगळे जवळपास सारखेच गार. आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी भात लावत नव्हतं, आंघोळ करत नव्हतं, कपडे वाळत घालत नव्हतं. चार माणसांचं घर स्वयंपाक, आंघोळ, कपडे, झाडं आणि नुसता श्वास यांतून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडतं. ही माणसं भारतीय असोत की जर्मन. बटाटे उकडले तरी वाफच निघते.

माझं माहेर चिपळूणचं. ओल काय असते हे मला कुणी शिकवायला नको. आगोटीच्या आधी गोधड्या, घोंगड्या, सतरंज्या अंगणात पसरून त्यांना ऊन दाखवायचं, पावसाळ्यात ट्रंकांची झाकणं घट्ट लावायची, डांबराच्या गोळ्या टाकायच्या आणि नवरात्राच्या सुमारास पुन्हा सगळं बाहेर काढायचं. तिथली ओल बाहेरून येते. जुलैतल्या कोकणच्या हवेत दर घनमीटरला 25 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे खिडकी उघडली की ओल आत शिरते. इथलं गणित नेमकं उलटं आहे. शून्य अंशाची हवा कितीही दमट वाटली, धुक्यानं भरलेली असली, तरी तिच्यात घनमीटरला पाचच ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली, की तिला 17 ग्रॅमची तहान लागते. म्हणून जानेवारीत बाहेर पाऊस पडत असतानाही खिडकी उघडल्यानं घर वाळतं. नव्यानं आलेल्या कुणाही मराठी माणसाला हे पटत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याच्या आजीनं त्याला बरोब्बर उलटं शिकवलेलं असतं आणि तेही तिच्या गावापुरतं शंभर टक्के खरं असतं.

याच न्यायानं उन्हाळ्यात केलरची खिडकी दुपारी उघडू नये. बाहेरची 28 अंशांची हवा 15 अंशांच्या केलरमध्ये शिरली, की भिंतींवर पाणी सोडते. तिथे ठेवलेल्या गुंडाळ्यांना आणि बॅगांना वास येतो तो यामुळेच. केलरला हवा द्यायची ती रात्री किंवा पहाटे.

आता दोष कुणाचा, हा प्रश्न. गंमत म्हणजे त्याचा देशभर लागू झालेला निकाल आमच्या शेजारच्याच गावातून निघाला. हॅम्बुर्गला लागून असलेल्या ग्लिंडंमधल्या दोन भाडेकरूंचे खटले कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात पोहोचले. घरं 1968 आणि 1971 ची. 5 डिसेंबर 2018 रोजी न्यायालयानं सांगितलं, की इमारत बांधली तेव्हाच्या नियमांप्रमाणे असेल, तर केवळ गार भिंतींमुळे बुरशीचा धोका आहे एवढ्यावरून भाडं कमी करता येत नाही. दिवसातून दोनदा पाव तास किंवा तीनदा दहा मिनिटं खिडक्या सताड उघडणं भाडेकरूला जाचक आहे, असं सरसकट म्हणता येत नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थही आहे: भिंत गार असणं हा जसा मालकाचा गुन्हा नाही, तसा भाडेकरूचाही नाही. आमच्या तज्ज्ञांनी आकड्यांचा कागद पाठवल्यावर मालकांच्या पुढच्या पत्रात स्वयंपाकाचा उल्लेख नव्हता. त्यांनी कोपरा साफ करून रंगवून दिला, आम्ही कपाट आणि गालिचा भिंतीपासून लांब घेतला. भाडं कमी झालं नाही. खोकला महिन्याभरात गेला. तो बुरशीमुळेच होता की नाही हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

गालिच्याच्या बाबतीत तेव्हापासून जे पाळते, ते इथे लिहिते. बाहेरच्या भिंतीपासून गालिचा आणि कपाट निदान दहा सेंटिमीटर दूर. केलरवरच्या किंवा नव्या बांधकामाच्या फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नको. हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी तो उलटा दुमडून खालच्या फरशीला आणि त्याच्या पाठीला एक दिवस हवा. कुंडी गालिच्यावर कधीही ठेवायची नाही, खाली ताटली असली तरी. पाणी, चहा, वरण सांडलं, तर वरून टिपून थांबायचं नाही. गालिचा उचलून दोन्ही बाजूंनी एका दिवसात वाळवायचा. लोकर टिकते, पण आतला सुती ताणा आधी कुजतो आणि वरून काही कळत नाही. हिवाळ्यात घरात फरशीवर पसरून गालिचा धुण्याचा विचारही नको. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र दहा-पंधरा युरोंना मिळतं. काटा सतत साठच्या वर राहिला, तर खिडकी उघडायची.

भिंतीवर अर्ध्या चौरस मीटरहून लहान डाग असेल, तर हातमोजे आणि मास्क घालून सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या अल्कोहोलनं पुसता येतो. त्या वेळी खिडकी उघडी हवी आणि जवळ दिवा किंवा शेगडी नको. व्हिनेगर नको, चुन्याच्या भिंतीवर ते निष्प्रभ होतं. त्याहून मोठा डाग असेल तर तज्ज्ञच बोलवावा. गालिच्यात मात्र बुरशी खोल शिरली असेल, तर मोह सोडावा. आमच्या भदोहीच्या गालिच्याची एक बाजूच बाधली होती. तो धुलाईवाल्यांकडे जाऊन आला आणि वाचला.

आता राहतो त्या जुन्या इमारतीच्या अंगणात एक लोखंडी दांडी आहे. पोरं तिच्यावर कोलांट्या मारतात. ती मुळात गालिचे टाकून वेताच्या झोडपणीनं बडवायची दांडी. शेजारच्या जर्मन आजींनी मला एका फेब्रुवारीत हाक मारली, “अहो, बर्फ पडलाय, गालिचा आणा!” कोरडा, भुसभुशीत बर्फ. त्यावर गालिचा पालथा टाकायचा, पाठीवर बडवायचं, उचलायचा. खाली करड्या रंगाचा चौकोन उमटतो. मग दांडीवर टाकून वाऱ्यात कोरडा करायचा. आमच्या अंगणात घोंगडीला ऊन दाखवायचे, इथे गालिच्याला थंडी दाखवतात. हेतू एकच.

दिवाळीची साफसफाई आपल्याकडे पावसाळा संपल्यावर येते. ओल गेली, आता घर उघडा, असं सांगणारी. इथे दिवाळी येते ती नेमकी हीटर सुरू होताना. म्हणजे ओलीचे दिवस संपलेले नसतात, सुरू होत असतात. पुढच्या आठवड्यात घरोघरी चकल्या तळल्या जातील, पंधरा-वीस माणसं एका खोलीत बसतील, पणत्या लागतील. त्या जळतानाही वाफ सोडतातच. काही कमी करू नका. फक्त पाहुण्यांनी चपला काढण्याआधी गालिच्याचं भिंतीकडचं टोक उचलून खाली हात लावून बघा, आणि शेवटची माणसं निघाली की दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडा. थंडी वाजेल. अंगावर शाल घ्या आणि उरलेला चिवडा खात उभे राहा.