लाल स्टिकर

रविवारी संध्याकाळी मेस बंद. मग माझी सायकल आपोआप धरमपेठकडे वळायची. ट्रॅफिक पार्कजवळच्या गल्लीत ताई-भाऊजींच्या दोन खोल्या. ताईला दिवस गेलेले, त्यामुळे माझीही चंगळ!

सातव्या महिन्यात तिच्या तपासणी कार्डावर लाल स्टिकर लागला. म्हणजे हाय रिस्क. बीपी १४४/९४, लघवीत प्रोटीन. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : हा प्रीएक्लॅम्पसिया. वारेच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला नीट तयार झाल्या नाहीत, की पुढे आईच्या शरीरावर ताण येतो. गोळ्यांनी बीपी आवरतं, आजार मात्र बाळंतपणानंतरच उतरतो.

ताई हसली. "मला तर काहीच होऊन नाही राहिलं रे!"

भाऊजींची बुटीबोरीला शिफ्ट ड्यूटी. पी.एल. लागली न मी पुस्तकं घेऊन तिथेच मुक्काम ठोकला. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायचं काम माझं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. आकडे ग्राफ पेपरवर मांडले, १४० वर लाल रेघ मारली. "सबमिशन आहे का तुझं?" ताई चिडवायची.

तेहतिसाव्या आठवड्यात एका रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. "डोहाळजेवणाची दगदग झाली असेल, सकाळी पाहू." खरं सांगतो, एम-थ्रीचा पेपर चार दिवसांवर होता, मलाही 'सकाळी पाहू' सोयीचंच होतं. तरी मशीन लावलं. १६६/११२. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. मग मात्र १०८ ला फोन केला.

दवाखान्यात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड. तिसऱ्या दिवशी सिझेरियन. मुलगी, १७०० ग्रॅम! दोन आठवडे काचेच्या पेटीत होती. बाळंतपणानंतरही धोका लगेच टळत नाही, म्हणून आमचा ग्राफ पुढे चालूच राहिला.

एम-थ्री राहिला. भाची मात्र आता माझा चष्मा ओढते.

मित्रहो, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. घरी कुणी ताई, वहिनी असेल तर फोनवर "कशी आहेस?" विचाराच. ती "बरी आहे" म्हणेल. तेव्हा फोन ठेवू नका. "बीपी किती आलं?" हेही विचारा.