नायगावची शाखा

आपण नक्की कोठे राहतो हे सांगताना भाईंदरचा माणूस नेहमीच थोडासा अडखळतो. इकडे दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई, तिकडे खाडी ओलांडली की नायगाव-वसई. मधल्या मध्ये आम्ही. आमची नगरपालिका १९८५ ची आणि महानगरपालिका २००२ ची. आमचा जिल्हा ठाणे. खाडीपलीकडे २०१४ पासून पालघर. परगावी कोणी विचारले तर मी सरळ 'मुंबई' म्हणून मोकळा होतो. ही थापच, पण तिची लाज मला कधी वाटली नव्हती.

आमचे बाबा भाईंदर पूर्वेला मिक्सर दुरुस्त करतात. फ्रीज किंवा वॉशिंग मशीन असेल तर पिशवी खांद्याला लावून घरी जातात – मीरा रोड, दहिसर, नायगाव, वसई. पूर्वी एक गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगत असे. आता मिक्सर बंद पडला की लोक शेजारणीला विचारीत नाहीत, मोबाईलला विचारतात. आणि मोबाईलवरचा नकाशा कोणते दुकान आधी दाखवायचे ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतो, असे गूगलच सांगते : शोधणाऱ्याला हवे ते काम तुम्ही करता का, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचे नाव कितपत झालेले आहे. यातले अंतर काही आपल्या हातात नसते. आणि आमचे अंतर तर एक विनोदच आहे! लोकलने नायगाव म्हणजे पुढचेच स्टेशन. रस्त्याने जायचे तर घोडबंदरकडे वळसा घालून वर्सोव्याचा पूल गाठावा लागतो. २०२४ पासून वसईला जायला रो-रो बोट आहे. पण मेकॅनिकला आपली लोकलच बरी.

नायगावचे फोन कमी झाले तेव्हा शहाणपण मलाच सुचले. नायगावला माझी आत्या राहते, चौथ्या मजल्यावर. तिच्या दारावर मी दुकानाच्या नावाचा फ्लेक्स चिकटवला, पडताळणीसाठी लागतो तसा व्हिडिओ काढला आणि फ्लेक्स उतरवून घडी करून ठेवला. झाली नायगावची शाखा! बाबांना एवढेच सांगितले की, "नकाशावर नाव घातले आहे." त्यांनी मान डोलावली. फोन खरोखरच वाढले. वसईलाही कोणी नातेवाईक असता तर बरे झाले असते, असे मला वाटू लागले.

मग एके दुपारी आत्याचा फोन आला. एक आजीबाई कापडी पिशवीत मिक्सर घेऊन तिच्या दारात उभ्या होत्या. इमारतीला लिफ्ट नाही. चार जिने चढून आलेल्या त्या बाई दार उघडल्यावर एवढेच म्हणाल्या, "दुकान बंद आहे का हो आज?" आत्याने त्यांना बसवले, पाणी दिले, चहा दिला. काय सांगावे ते तिला सुचेना.

बाबांनी दुकानाचे शटर ओढले आणि मिळाली ती लोकल पकडली. मी त्यांच्याबरोबर होतो. पुलावरून जाताना ते खाडीकडे पाहत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. आत्याच्या हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यांनी मिक्सर उघडला. कार्बन ब्रश झिजले होते. पैसे घेतले नाहीत. पिशवी उचलून त्या बाईंना त्यांच्या घरापर्यंत सोडून आले. परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलले, "तिथे दुकान आहे असं मी कधी कोणाला सांगितलं होतं रे?"

त्याच रात्री मी ती शाखा काढून टाकली. नियम मग नीट वाचले. आधी वाचायला हवे होते. जिथे खरोखर दुकान नाही तिथला पत्ता द्यायचा नाही, दुकानाच्या नावाला गावांची नावे जोडायची नाहीत. घरी जाऊन काम करणाऱ्याने आपण कोणकोणत्या गावी जातो ते वेगळे नोंदवावे. अशी वीस ठिकाणे देता येतात. आम्ही चार दिली. अर्थात नाव लिहिले म्हणून दुकान खाडी ओलांडून पलीकडे सरकत नाही. म्हणून मी एक साधी वेबसाईट केली आणि प्रत्येक गावाचे वेगळे पान लिहिले : बाबा तिथे कोणत्या वारी जातात, जाण्यायेण्याचे किती घेतात, कोणते काम घरी होते आणि कोणते दुकानातच आणावे लागते. नायगावच्या पानावर पहिलेच वाक्य आहे, 'येथे आमचे दुकान नाही.' बाबांनी ते दोनदा वाचले आणि 'नाही' ठळक करायला सांगितले.

नायगावचे फोन आता पूर्वीइतके येत नाहीत. येतात त्यांतले काही त्या आजीबाईंच्या इमारतीतले असतात. फ्लेक्स आत्याकडेच आहे. यंदा तिने त्यावर पापड वाळत घातले, नावाची बाजू खाली करून.